अधरगाडीची व्युत्पत्ती

नाथाजी मुळीक यांना चुकीच्या शब्दाचा वास येत असे. एखाद्याला उतू गेलेल्या दुधाचा शेजारच्या घरातूनही येतो, तसा. रस्त्याने जाताना 'शुध्द शाकाहारी' अशी पाटी दिसली की त्यांची भूक मरे. लग्नपत्रिकेत 'आर्शिवाद' छापलेला आढळला, तर ते पत्रिकेवर लाल शाईने दुरुस्ती करून ती वधूपित्याला परत पाठवत. कासारपेठेच्या कॉलेजात जन्मभर मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. म्हणजे कॉलेज निवृत्त झाले होते, सर नव्हते. आता सगळे गाव त्यांच्या वर्गात बसले होते आणि त्यांच्या मते सगळेच्या सगळे नापास होते.

कासारपेठ म्हणजे सातारा जिल्हा जिथे संपतो आणि सांगली जिल्हा सुरू झाल्याचे कुणाला कळत नाही, त्या मधल्या जागेतले गाव. गावाला रेल्वे नाही. कधी येईल असे वाटत नाही. त्यामुळे गावात पहिली रेल्वे आली ती जमिनीवरून न येता खांबांवरून आली, याचे कुणाला नवल वाटले नाही. नगरपंचायतीने बागेत मुलांसाठी एक गाडी बसवली. तांबडे इंजिन, मागे चार डबे, खाली लोखंडी खांब. बाग एवढीशी असल्यामुळे गाडीला वळायला जागा पुरेना, म्हणून ठेकेदाराने तिचा मार्ग कुंपणावरून बाहेर काढून, आठवडी बाजाराच्या डोक्यावरून फिरवून पुन्हा बागेत आणला होता. वर झेंडूच्या माळा आणि फ्लेक्स : 'मोनोरेल'.

सकाळी फिरायला गेलेले नाथाजी त्या फ्लेक्ससमोर थांबले. बरोबर शेजारचे सिकंदर मुलाणी होते. एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, आणि एसटीखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाहनाला वाहन न मानणारे.

"मोनो म्हणजे एक," नाथाजी म्हणाले. "ग्रीक शब्द आहे. एका रुळावरून जाते ती मोनोरेल. इथे रूळ किती आहेत, सिकंदरभाई?"

सिकंदरभाईंनी मान वर करून पाहिले. "दोन."

"मग?"

"दुसरा स्टेपनी आसंल."

नाथाजींनी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले आणि तिथेच, बागेच्या फाटकात, मोठ्या आवाजात एक व्याख्यान दिले. ज्या गावाला एक आणि दोन यांतला फरक कळत नाही त्या गावाने आकाशातून रेल्वे नेऊ नये, असा त्याचा मथितार्थ होता. दुर्दैवाने ते व्याख्यान ऐकायला मागे उद्यान समितीचा सभापती विश्वजीत उभा होता. विश्वजीत एके काळी सरांच्या वर्गातला. मराठीत तो काठावर पास झाला होता आणि निवडणुकीत भरघोस मतांनी.

"सर, मग तुमीच काढा की येक शब्द," विश्वजीत हात जोडून म्हणाला. "मराठी पंधरवडा हायच. वरनं पत्र आलंय, सगळ्या पाट्या मराठीत पायजेत. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. शब्द द्या, आन् त्येचा अर्थ, उगम, काय म्हंत्यात ते..."

"व्युत्पत्ती."

"तेच. ते बी लिवून द्या. संगमरवरावर कोरून बसवू."

नाथाजींनी नको नको म्हटले. वय झाले, तब्येत बरी नसते, नव्या लोकांना संधी द्यावी, असे सगळे म्हटले. विश्वजीत 'बरं मग ऱ्हाऊ द्या' म्हणण्याच्या बेतात आहे असे दिसताच मात्र त्यांनी घाईने होकार दिला. संगमरवर हा शब्द त्यांच्या मनात घुसला होता. त्यांच्या नावावर तोवर घराच्या दारावरची पाटी सोडली तर काहीही कोरलेले नव्हते.

घरी येऊन त्यांनी पत्नीला, मालनबाईंना, बातमी सांगितली.

"झुकझुकगाडी म्हणा की," मालनबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पोरास्नी कळतं."

"झुकझुक हा वाफेचा आवाज आहे. ही गाडी विजेवर चालते. हिचा आवाज झुकझुक नाही."

"मग कसा हाय?"

नाथाजींनी आठवून पाहिले. "कुंईऽऽ असा."

"मग कुंईगाडी म्हणा."

विद्वानाच्या घरात विद्वत्तेची काय किंमत असते याची नाथाजींना जुनी सवय होती. ते कोशांच्या कपाटाकडे वळले. पण गोष्ट तोवर शिक्षक कॉलनीत पसरली होती, आणि कॉलनीत एखाद्याला अपेंडिक्सचे ऑपरेशन सांगितले तरी ते कसे करावे हे सांगणारी माणसे कमी नव्हती. जो येई तो एक शब्द घेऊन येई, चहा पिई, आणि शब्द तिथेच सोडून जाई.

एकाने 'मेट्रो' सुचवला. नाथाजींनी त्याला सुनावले की मेट्रो म्हणजे मुळात आई. ग्रीक भाषेत मेट्रोपोलिस म्हणजे मातृनगरी. त्यातली नगरी वाटेत गळून पडली आणि आई तेवढी रुळावर राहिली. "बागेत खांबावर आईला चढवायचं का?" यावर त्या गृहस्थांनी बशी खाली ठेवली आणि आपली आई बरी आहे असे सांगून ते उठून गेले.

दुसऱ्याचे म्हणणे, नुसते 'रेल्वे' म्हणायला काय हरकत आहे? हरकत होतीच. रेल हा शब्द गेला लॅटिनमधल्या रेग्युलापर्यंत, आणि रेग्युला म्हणजे सरळ पट्टी. "ही गाडी गोल फिरते," नाथाजी म्हणाले. "गोल फिरणाऱ्या वस्तूला सरळ पट्टी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. तुमच्या घरी चपातीला सळई म्हणत असतील."

तिसरा होता तो मुलगा अमेरिकेत असलेला एक बाप. तिकडच्या एका शहरात उंचावरच्या रेल्वेला लोक नुसते 'एल' म्हणतात, असे त्याने सांगितले. एलेव्हेटेड या मोठ्या शब्दातला एल. नाथाजी तुच्छतेने हसले. आख्खा शब्द उच्चारायचा कंटाळा येणारी माणसे गाडीत तरी बसतात कशाला?

"मग आपुन 'व' म्हणू," कोपऱ्यातून सिकंदरभाई म्हणाले. "वरचा व. न्हाईतर सरळ 'वरची गाडी' म्हणा. कुणाला बी कळतंय."

"आणि एखादा विचारील, आजोबा कुठे गेले? तर सांगायचं, वरच्या गाडीनं गेले?"

सिकंदरभाईंनी विचार केला. "त्ये बी खरंय. तसल्या गाडीला रिझर्व्हेशन लागत न्हाई."

सरकारी कागदांत 'उन्नत मार्ग' असा शब्द आढळतो हे नाथाजींना ठाऊक होते, पण त्यांनी तो नाकारण्याआधीच विश्वजीतने नाकारला. 'उन्नत' शब्द ऐकताच तो दचकला होता. "नको सर. उन्नत म्हणलं की लोकास्नी उन्नत आन् प्रगत गट आठवतोय. पोरास्नी गाडीत बसवायला नॉन-क्रिमिलेयर लागतं का म्हणून विचारत बसतील. आमाला निवडणूक लढवायची हाय."

शेवटी शब्द सापडला तो नाथाजींना आंघोळ करताना सापडला. अधर. अधर म्हणजे अधांतरी, आधाराशिवाय, मध्येच लोंबकळणारे. अधरगाडी! अंगाला साबण तसाच ठेवून ते शब्द मोठ्याने म्हणून पाहू लागले. काय नाद! काय डौल! बाहेरून मालनबाईंनी पाणी गेले का म्हणून विचारले.

अधर या शब्दाचा दुसरा अर्थ ओठ, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण तो कवितेतला. कासारपेठेत कविता वाचतो कोण? आणखी एक अडचण होती, ती जरा नाजूक होती. संस्कृतात अधर म्हणजे मुळात खालचा. दोन ओठांतला खालचा तो अधर. म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या गाडीचे नाव, कुणी फारच खोलात शिरला तर, 'खालची गाडी' असे होत होते. पण एवढ्या खोलात शिरणारा माणूस कासारपेठेत आपण स्वतः सोडून दुसरा नाही याची नाथाजींना खात्री होती. आणि विद्वत्तेला एवढी खात्री पुरते.

त्यांनी व्युत्पत्तीचे पानभर टिपण लिहिले आणि नगरपंचायतीत नेऊन दिले.

मुख्याधिकाऱ्यांनी टिपण उलटेसुलटे करून पाहिले. "सर, हा शब्द मंजूर आहे का?"

"शब्द मंजूर नसतो. शब्द रुजतो."

"मग रुजल्याचा दाखला जोडा."

असा दाखला कोण देतो हे मुख्याधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते, पण तो लागतो हे ठाऊक होते. नाथाजींनी कॉलेजच्या ग्रंथपालाकडून शिक्का मारून आणला. मग जनतेच्या हरकती व सूचना मागवणारी नोटीस नगरपंचायतीच्या फळ्यावर लागली. मुदत संपेपर्यंत एकच हरकत आली. ती खुद्द नाथाजींची होती. नोटिशीत 'हरकती'मधला ती ऱ्हस्व पडला होता, हे त्यांच्याने पाहवले नाही. हरकत आल्यामुळे सुनावणी लावावी लागली. सुनावणीत अर्जदार आणि हरकतदार एकच निघाल्याने मुख्याधिकाऱ्यांनी दोघांत समेट करावा असा शेरा मारला.

संगमरवर वेळेत येणार नाही, म्हणून तात्पुरता फ्लेक्स लावायचे ठरले. फ्लेक्सचे दुकान वाजिदचे. त्याने नाव टाइप केले, मशिनने ते आपल्या अकलेने सुधारले, आणि दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकावर भले मोठे झळकले : 'आधारगाडी. लवकरच सेवेत.'

सकाळी नाथाजींचा फोन वाजला. विश्वजीत होता.

"सर, लगेच या. तुमच्या शब्दाला लय गर्दी झालीया."

नाथाजींनी इस्त्रीचा सदरा घातला. शब्दाला गर्दी! त्यांनी आयुष्यभर ज्या भाषेची सेवा केली तिने अखेर दखल घेतली होती. बागेपाशी पोचून पाहतात तर फाटकापासून तालमीपर्यंत रांग. म्हातारे, बाया, कडेवर पोरे, आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारकार्ड. तालुक्याला हेलपाटे घालून वैतागलेली माणसे. आधारची गाडी गावातच येणार म्हटल्यावर वडूजकडच्या वाड्यावस्त्यांवरून जीप करून आली होती.

रांगेत सगळ्यांत पुढे हाजराबी होत्या, बाजारात बांगड्या विकणाऱ्या. त्यांनी नाथाजींना साहेब समजून थेट अंगठा पुढे केला. "घ्या. ह्यो उठतच न्हाई मशिनवर. बांगड्या भरून भरून रेघाच गेल्यात."

"बाई, ही ती गाडी नव्हे. हा आ नाही, हा अ आहे. अधर! आ काढायचा आणि अ म्हणायचा."

"आ करू?" म्हणून हाजराबींनी तोंड उघडले. मागच्या बाईने पुढे वाकून पाहिले आणि तिसरीला सांगितले की आता अंगठा बंद झाला, दात घेतात. रांगेत शेवटपर्यंत कुजबुज गेली. एका म्हाताऱ्याने आपल्याला एकही दात नाही, आता आपली पेन्शन बंद होणार, म्हणून गळा काढला. नाथाजी फाटकाच्या कठड्यावर चढून ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व समजावून सांगू लागले. ते ऐकून मागचे लोक म्हणाले, साहेब आलेत खरे पण काम सुरू करत नाहीत, नुसते भाषण करतात. दुपारी उन्हाने लोक पांगले. जाता जाता हाजराबी म्हणाल्या, "येवढं शिकल्यालं मानूस, पर येक काम हुईना त्येच्याच्यानं."

फ्लेक्स उतरवला, आणि नाथाजींनी स्वतः समोर उभे राहून पेंटरकडून नवी पाटी रंगवून घेतली. एकही मात्रा इकडची तिकडे नाही. 'अधरगाडी.' ती पाहून त्यांना बरे वाटले. ते बरे वाटणे दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले.

कासारपेठेत कविता कुणी वाचत नाही हा त्यांचा अंदाज बरोबर होता. पण हिंदी गाणी सगळे ऐकतात, हे त्यांनी लक्षात घेतले नव्हते. कॉलेजच्या पोरांनी पाटीशेजारी लिपस्टिकचे भले मोठे ओठ काढले. पाटीखाली उभे राहून तोंडाचा चंबू करून रील बनवायला तासगावहून जोड्या येऊ लागल्या. भामाबाईंच्या भजनी मंडळाने नगरपंचायतीत जाऊन विचारले, की लेकराबाळांच्या बागेत ही असली गाडी कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? मुख्याधिकाऱ्यांनी तत्परतेने नाव आणि घराचा पत्ता दिला.

संध्याकाळी मालनबाई बचतगटाच्या बैठकीहून आल्या त्या पदर खोचूनच.

"बाया हसत्यात मला. म्हंत्यात, मुळीकबाई, तुमच्या ह्यांनी म्हणं ओठांची गाडी काढली."

"तो एक अर्थ झाला. गौण अर्थ."

"लग्नात माज्यासाठी साधा उखाणा घ्या म्हणलं, तर उखाण्यात यमक चुकलंय म्हणून गप बसलासा. आन् आता म्हातारपणी गावाच्या येशीवर ओठ टांगलं!"

नाथाजींचा अपमान आता घरापर्यंत पोचला होता. यातून सुटायचा एकच मार्ग त्यांना दिसला, आणि तो नेहमीप्रमाणे भाषणाचा होता. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर आपण शब्दाचा खरा अर्थ सांगायचा. एकदा अर्थ कळला की लोक वरमतील. जन्मभर वर्गात अर्थ सांगूनही कुणी वरमल्याचा त्यांना अनुभव नव्हता, तरी त्यांना तसे वाटले.

सव्वीस जानेवारी आणि बाजाराचा दिवस एकच आला होता, त्यामुळे गर्दी चिक्कार. पहिल्या फेरीचा मान विश्वजीतने आपल्या आईला, हरणाबाईंना दिला होता. त्या नवे लुगडे नेसून, नाकात नथ घालून पहिल्या डब्यात बसल्या होत्या. ठेकेदार उभा होता, आणि गाडी सुरक्षित असल्याच्या कागदावर सही करायला आलेले जिल्ह्याचे साहेबही पेन काढून उभे होते.

नाथाजींनी माइक हातात घेतला, फुंकला, आणि सुरुवात केली. "काही अल्पमती लोकांनी या शब्दाचा विपर्यास केला आहे. अधर म्हणजे ओठ नव्हे. अ म्हणजे नाही. धर म्हणजे धरणारा. जिला कुणीही धरलेले नाही, जिला कसलाही आधार नाही, जी मध्येच अधांतरी लोंबकळते आहे, अशी ही गाडी!"

टाळ्या वाजल्या नाहीत. हरणाबाईंनी डब्यातून खाली वाकून पाहिले.

"विश्वजीत, ह्ये काय म्हंत्यात? कुणी धरलेली न्हाई?"

"आई, त्यो नुसता अर्थ हाय गं."

"आरं, मास्तर माणूस खोटं सांगंल व्हय? उतरव मला." आणि त्या कुणाची वाट न बघता उतरल्यासुद्धा. मागच्या डब्यांतल्या बायांनी आपापली पोरे ओढून खाली घेतली. गाडी क्षणात रिकामी झाली.

साहेबांनी पेनाचे टोपण लावले. "मी सही कशी करू? ज्यांनी नाव ठेवलं तेच सांगतायत, आधार नाही म्हणून. उद्या काही झालं तर पाटी पुरावा म्हणून येईल."

"अहो, ही व्युत्पत्ती आहे!" नाथाजी ओरडले. "व्युत्पत्तीनं खांब पडत नसतात!"

"मग तुमी बसा की," गर्दीतून कुणी तरी म्हणाले. लगेच दुसऱ्याने, "व्हय, सरच बसू द्यात," म्हणून उचलून धरले. साहेबांनाही ती चाचणी फेरी म्हणून पसंत पडली. खरे तर वाळूची पोती बसवायची पद्धत होती, पण पोती आणली नव्हती.

नाथाजी तांबड्या इंजिनामागच्या डब्यात गुडघे छातीला लावून बसले. डबा मुलांच्या मापाचा होता. त्यांनी आपला चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. गाडी कुंईऽऽ करून निघाली, कुंपणावरून बाहेर पडली, आठवडी बाजारावर आली, मेथीवाल्यांच्या बरोबर वर पोचली, आणि खाकरून थांबली. मोटारीतून धूर आला. ठेकेदाराने खालून पाहून सांगितले की मोटार जळाली, नवी साताऱ्याहून आणावी लागेल.

बाजार थांबला. माना वर झाल्या. मोबाइल वर झाले.

"सर," मेथीची जुडी हातात धरून एक जण म्हणाला, "अधर म्हंजे काय त्ये आता बगा डोक्यात बसलं!"

आयुष्यात पहिल्यांदाच संपूर्ण गावाला नाथाजींनी सांगितलेला अर्थ एका वेळी, एकही शंका न उरता कळला होता. त्यांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

शिडी आणायला माणसे धावली. अग्निशमनाची गाडी कुठल्याशा पेटलेल्या उसाच्या फडावर गेली होती. रंगाऱ्याची शिडी त्यांनी डब्याबाहेर सोडलेल्या पायांतल्या बुटांपर्यंतही पोचेना. सिकंदरभाई खालून धीर देत होते. "घाबरू नका सर! यष्टी बंद पडली की आमी पाशिंजर दुसऱ्या गाडीत बसवून देतो. हितं दुसरी गाडी न्हाई येवढाच काय तो फरक." कुणी भुईमुगाच्या शेंगा वर फेकल्या. कुणी वरून बाजार कसा दिसतो म्हणून विचारले. ऊन चढले. सकाळपासूनचा चहा नाथाजींच्या पोटात आपली जागा मागू लागला. अखेर ज्या जिभेवर त्यांनी जन्मभर शुद्ध भाषेचा पहारा ठेवला होता, ती जीभ पहारा मोडून थेट त्यांच्या मूळ गावाला पळाली.

"आरं बगताय काय मुडद्यांनो, उतरवा की मला!"

खालून येणाऱ्या शेंगा थांबल्या. मग एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, "मास्तरांस्नी मराठी येतंया की रं!"

तेवढ्यात रस्त्यावरून ज्ञानूचा ट्रॅक्टर आला. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, माडीएवढ्या उंच रचलेल्या. गाडीच्या डब्याखालून पहिली ट्रॉली जाताना तिचा शेंडा नाथाजींच्या पायांना टेकलाच.

"सर, टाका पाय!" ज्ञानू ओरडला. "ऊस हाय, काय हुईत न्हाई!"

नाथाजींनी डोळे मिटले आणि स्वतःला सोडले. ते उसावर आले. बाजाराने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांनी आता उतरावे म्हणून खाली पाहिले, तर खाली जायला काही नव्हते आणि ट्रॅक्टर थांबत नव्हता.

"ज्ञानू, थांब!"

"थांबता येत न्हाई सर, उतार हाय! दोन ट्रॉल्या पाठीवर येत्यात! कारखान्यावर उतरवतो!"

अशा रीतीने प्राध्यापक नाथाजी मुळीक सव्वीस जानेवारीला उसाच्या मोळ्यांवर पालथे पडून, दोन्ही हातांनी पाचट धरून, साऱ्या कासारपेठेतून मिरवत गेले. शाळेपुढून जाताना झेंडावंदनाला आलेली मुले अजून रांगेत होती. त्यांना वाटले चित्ररथ आहे. त्यांनी सलाम ठोकला. शिक्षक कॉलनीच्या कोपऱ्यावर मालनबाई दळण घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिले, दळणाचा डबा दुसऱ्या काखेत घेतला, आणि ओळख न दाखवता घरी गेल्या.

कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग होती. ज्ञानूचा नंबर आल्यावर काट्यावरच्या बाबूने खिडकीतून मान बाहेर काढली.

"वर काय हाय रं?"

"आमच्या कालेजातलं सर हायती. उतरायला शिडी न्हाई."

"वजन केलंय, आता परत करत न्हाई. त्येन्ला पाचटात धरतो."

आणि उसातला पालापाचोळा म्हणून जी वजावट कारखाना करतो, तीत त्याने नाथाजींना घातले. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर त्यांचे मूल्यमापन कुणी तरी एवढ्या झटपट केले होते.

यानंतर ते बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. मोटार बदलून गाडी सुरू झाली. वाळूची पोती बसवून चाचणी झाली, सही झाली, संगमरवरही लागला. त्यावर अधरगाडी कोरलेले होते आणि त्यांचे नाव नव्हते. जागा कमी पडली म्हणाले. मालनबाई पुन्हा बोलू लागल्या. कपाटातले कोश जागच्या जागी होते. सिकंदरभाईंनी बागेचा विषय काढायचा नाही एवढा शहाणपणा दाखवला, पण पुढे फिरणे पुन्हा सुरू झाल्यावर तेही उगीचच लांबच्या रस्त्याने नेऊ लागले, तेव्हा नाथाजींना कसलीशी शंका आली होती.

उन्हाळा लागल्यावर एका लग्नासाठी वडूजला जायचे म्हणून ते एसटी स्टँडवर गेले. गाडी येत नव्हती. शेजारी एक अनोळखी तरुण बाई पोराला घेऊन बसली होती. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती.

"आवं कसली येती? घाटात यष्टी मुळीक झालीया म्हणं. तास तरी लागंल."

नाथाजींना वाटले आपण चुकीचे ऐकले. इतक्यात पोराने भोकाड पसरले, "मम्मे, मला मुळीकमदी बसायचंय!"

"काल दोनदा बसलास की मुळीकमदी! रोज रोज मुळीक कुठली रं?"

नाथाजींनी बाईला विचारले, "बाई, मुळीक म्हणजे काय हो?"

तिने त्यांच्याकडे दयेने पाहिले. "तुमी गावचं न्हाई वाटतं. आवं, बागेत वरनं जाती बगा, ती. तिला मुळीक म्हंत्यात. आन् मदीच काय अडाकलं, लोंबकाळलं, की ते मुळीक झालं म्हणायचं. सगळीच म्हंत्यात. आमच्या माहेरला, तासगावला बी म्हणाय लागल्यात."

"पण गाडीवर तर अधरगाडी लिहिलंय."

"कुठं? कोण वाचतंय ते!"

"आणि हा शब्द," नाथाजींनी विचारले, "आला कुठून?"

बाईने पोराचे नाक पुसले.

"विंग्रजी हाय," ती म्हणाली.

आयुष्यभर नाथाजी ज्याच्यावर तुटून पडत आले तेच समोर बसले होते. शब्द चुकीचा, अर्थ चुकीचा, उगम तर धडधडीत खोटा. त्यांनी तर्जनी वर केली, तोंड उघडले. बाई आदराने ऐकायला सरसावली. आणि त्यांच्या ध्यानात आले की हिला खरी व्युत्पत्ती सांगायची म्हणजे आधी आपले नाव सांगावे लागेल.

त्यांनी तर्जनी खाली घेतली.

"व्हय," ते म्हणाले. "विंग्रजीच हाय."